एम.ए.च्या नव्या वर्गासाठी मदतीचे वेळापत्रक

रत्नागिरी, ८ जुलै

आजपासून आमच्या पदव्युत्तर केंद्रात एम.ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या सत्राचे तास सुरू झाले. नव्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याचे काम यंदा माझ्याकडे आले असून त्यासोबत गेल्या वर्षीचे माहितीपत्रकही हाती पडले आहे. संध्याकाळी ते सावकाश वाचले. त्यात समित्या आहेत, कक्ष आहेत, योजनांची नावे आहेत आणि प्रत्येक नावापुढे एका प्राध्यापकाचे नावही आहे. मात्र कोणत्या अडचणीसाठी कोणाकडे, केव्हा आणि कोणता कागद घेऊन जायचे, हे त्यात कोठेही सापडत नाही. असे पत्रक तपासणीला येणाऱ्या समितीसमोर ठेवायला उत्तम असते, विद्यार्थ्याच्या ते फारसे कामी येत नाही.

पदवीच्या पहिल्या वर्षात येणाऱ्या मुलांच्या स्वागतासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाची मार्गदर्शिका काढली आणि त्यानुसार महाविद्यालयांत कार्यक्रम होऊ लागले. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक असतो, आणि २०२२ च्या नियमांप्रमाणे त्याला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर उभे राहून कामाची प्रगती सांगावी लागते, म्हणजे सहा महिन्यांतून एकदा तरी कोणी त्याची विचारपूस करते. या दोहोंच्या मधल्या, तासांना बसून, परीक्षा देऊन दोन वर्षांत पदवी घेणाऱ्या एम.ए.च्या विद्यार्थ्याची अशी चौकशी सहसा कोणी करत नाही. तो पदवीधर आहे, त्याला सगळे ठाऊक असणार, असे आपण धरून चालतो. विद्यार्थीही तसेच धरून चालतो आणि विचारायला लाजतो.

आमच्या वर्गाकडे पाहिले, तर ही समजूत किती पोकळ आहे ते लगेच कळते. ज्यांना मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर परवडते ते बहुतेक बारावीनंतर किंवा पदवीनंतर निघून जातात. रत्नागिरीत एम.ए.ला राहतात त्या घरच्यांनी बाहेर पाठवायला नकार दिलेल्या मुली, सकाळी दुकानात काम करून दुपारी येणारी मुले, लग्नानंतर पुन्हा शिकायला बसलेल्या गृहिणी, आणि बंदरावरच्या घरातला एखादा मुलगा, ज्याच्या कुटुंबात त्याच्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नसते. या मंडळींनी पदवी मिळवली आहे ती पुष्कळदा एकाच गाईडबुकावर आणि मराठी माध्यमातून. आता त्यांच्यासमोर चार सत्रे, एकूण ८८ श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे दर सत्राला २२, असा नवा आराखडा उभा आहे आणि पहिल्याच सत्रात संशोधनपद्धती हा विषय आहे.

श्रेयांकांचे गणित आज वर्गात एवढेच सांगितले, की चार श्रेयांकांच्या विषयाला साठ तास बसावे लागेल, आणि पहिल्या वर्षानंतर काही कारणाने थांबावे लागले तर ४४ श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. दुसऱ्या वाक्यावर मागच्या बाकावरच्या एका विवाहितेने मान वर केली. हा पर्याय माहितीपत्रकात नाही.

१७ जुलै

पावसाने आठवडाभर उसंत दिलेली नाही. संगमेश्वर आणि लांज्याकडून येणाऱ्या एस.टी. रोज उशिरा पोहोचतात, त्यामुळे पहिल्या तासाला निम्मा वर्ग असतो आणि दुसऱ्याला भिजलेल्या छत्र्यांचा ढीग.

हा आठवडा कागदपत्रांचा आहे. ज्यांनी पदवी दुसऱ्या विद्यापीठातून घेतली त्यांना त्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट आणावे लागते, ज्यांच्या शिक्षणात खंड पडला त्यांना त्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ताजा असावा लागतो. ही यादी कार्यालयाच्या फलकावर लावलेली आहे, तरी खिडकीवरून परत जाणाऱ्यांची रांग काही कमी होत नाही. कारण फलक प्रवेशानंतर वाचला जातो आणि दाखल्याला वेळ प्रवेशाआधीपासून लागतो. गावातली सगळी माणसे भातलावणीत असताना कोणाच्या तरी मागे लागून सेतू केंद्रात फेऱ्या मारायला घरात मोकळे कोण असणार? उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला यांची आठवण मे महिन्यात, पदवीच्या शेवटच्या परीक्षेच्या वेळीच द्यायला हवी, असे मी तयार करत असलेल्या नव्या माहितीपत्रकाच्या मसुद्यात पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळाबद्दल मात्र आताच सांगणे भाग होते. शिष्यवृत्तीची रक्कम आधार क्रमांकाशी जोडलेल्या बँक खात्यात येते, हे मुलांना माहीत असते. पण घरातल्या सोयीसाठी एकापेक्षा जास्त खाती असली, तर आधारशी शेवटी जे खाते जोडले गेले असेल त्यातच पैसे जातात, हे त्यांना माहीत नसते. मग वर्षभर मिळत नाहीत म्हणून तक्रार केलेले पैसे पतसंस्थेजवळच्या भलत्याच शाखेत पडून असतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना निवास आणि जेवणासाठी थेट रक्कम देणारी स्वाधार योजना वेगळी आहे. या दोन गोष्टी एकच समजून दुसरीचा अर्जच न भरणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. म्हणून आज तासाऐवजी संगणक कक्षात बसून प्रत्येकाचे आधार कोणत्या बँकेला जोडलेले आहे ते तपासून घेतले. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने तो तास वाया गेला असे कोणी म्हणेल, मला तसे वाटत नाही.

एस.टी.च्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते. मुलींनी महिलांच्या पन्नास टक्के सवलतीवर समाधान मानून पास काढलाच नव्हता. त्यांना उद्याच बोनाफाईड देण्याची विनंती कार्यालयाला केली.

२ ऑगस्ट

आजचा सगळा दिवस ग्रंथालयात गेला आणि तो या महिन्यातला सर्वांत कामाचा दिवस ठरला.

एम.ए.च्या पहिल्या सत्रात मुले गळतात ती बहुधा फीमुळे नव्हे, वाचनामुळे. मानव्यशाखेत उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा आहे, पण सूक्ष्म अर्थशास्त्राचे संदर्भग्रंथ इंग्रजीत आहेत आणि संशोधनलेख तर जवळपास सगळेच इंग्रजीत. काल एका मुलीने विचारले, “मॅडम, हे मराठीत कुठे मिळेल?” मी तिला पुस्तक दिले नाही. भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश काढून दिला आणि म्हटले, “अगं, आधी लेखातल्या दहा संज्ञा यात शोध, मग तोच लेख पुन्हा वाच.” हा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही फुकट पाहता येतात, तरी ते पदव्युत्तर वर्गाला कोणी दाखवत नाही, याचे मला नवल वाटते. इंग्रजी सुधारण्याचे वर्ग लावण्यापेक्षा हा मार्ग जवळचा आहे, कारण मुलांना अडवते ती इंग्रजी भाषा कमी आणि न ओळखलेली संज्ञा जास्त.

आमच्या ग्रंथपालांचा स्वभाव कमी बोलण्याचा आहे, पण त्यांनी आज प्रत्येकाला समोर बसवून एन-लिस्टचे, म्हणजे महाविद्यालयांसाठीच्या ऑनलाइन पुस्तके-नियतकालिकांच्या सेवेचे, खाते उघडून दिले. हे खाते महाविद्यालयाच्या ग्रंथालयामार्फतच मिळते आणि एकदा मिळाले की घरूनही वापरता येते, मग घर गुहागरात असो की देवरुखात. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजना सुरू झाली असून शासकीय विद्यापीठे आणि संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. खासगी व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांनी मात्र आपल्याला काय लागू आहे हे ग्रंथपालांनाच विचारावे, वर्तमानपत्रातल्या मथळ्यावर विसंबू नये. ‘शोधगंगा’वर देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध वाचायला मिळतात, त्यांत मराठीत लिहिलेलेही आहेत. प्रबंधाचे प्रास्ताविक आणि संदर्भसूची वाचायला शिकवले की संशोधनपद्धतीचा निम्मा विषय आपोआप सोपा होतो.

आकडेवारीच्या बाबतीत तर मुलांच्या घराशेजारीच खजिना आहे. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दरवर्षी मराठीतही प्रसिद्ध होते, आणि जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन हे तर थेट आपल्या जिल्ह्याचे. मासेमारी, आंबा, काजू, बँकांच्या ठेवी, तालुकावार शेती यांबद्दल ज्या मुलांनी लहानपणापासून घरात चर्चा ऐकली आहे, त्यांना या तक्त्यांत पहिल्यांदाच आपले गाव आकड्यांत दिसते. मिऱ्याच्या एका मुलाने मासळीच्या उत्पादनाचा तक्ता बराच वेळ पाहिला आणि त्यातला एक आकडा त्याच्या काकांच्या बोलण्याशी जुळत नाही, असे हळूच सांगितले. मी त्याला म्हटले, की त्याच्या चौथ्या सत्राच्या प्रकल्पाला विषय मिळाला.

प्रकल्पाचा विषय निघाला तशी नक्कल करण्याची गोष्टही आजच बोलून टाकली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे पायरीपायरीने आहे. पण नियम सांगून भीती घालण्यात अर्थ नाही. ज्याला दुसऱ्याचे वाक्य आपल्या शब्दांत मांडायला कोणी शिकवलेच नाही, तो ते जसेच्या तसे उतरवणारच. ग्रंथपाल आणि मी दोघे मिळून पुढच्या शनिवारी एक परिच्छेद घेऊन तेवढेच शिकवणार आहोत.

येथून बाहेर पडल्यावर काही जणांना नगर वाचनालयात घेऊन गेले. १८२८ सालापासून चालत आलेल्या या वाचनालयात बसायला शांत जागा आहे. भाड्याच्या खोलीत तिघांत एक टेबल वापरणाऱ्यांसाठी ही मदत कोणत्याही योजनेपेक्षा कमी नाही.

११ ऑगस्ट

लिहावे की नाही असे वाटले, पण पत्रकात हे यायलाच हवे. एक विद्यार्थी आठवडाभर आला नाही. आजारी असेल असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. तो आजारी नव्हता, त्याला झोप लागत नव्हती आणि वर्गात एकट्यालाच काही कळत नाही अशी त्याची खात्री झाली होती. माझ्याशी बोलल्यावर त्याने स्वतःहून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावला. तो चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीतून बोलता येते. हा क्रमांक आता वर्गाच्या दारामागे लावला आहे, सूचना फलकावर नाही, कारण फलकासमोर उभे राहून तो उतरवून घ्यायला कोणाचेही धाडस होणार नाही. त्याच कागदावर रॅगिंगविरोधी मदतीचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आणि लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या प्रमुख मॅडमची बसण्याची जागा व वेळ लिहिली आहे.

दृष्टी कमी असलेल्या एका विद्यार्थिनीला परीक्षेत दर तासाला वीस मिनिटे जादा मिळतात आणि लेखनिकही घेता येतो, हे तिला ठाऊक होते. त्यासाठीचा अर्ज आणि वैद्यकीय प्रमाणपत्र परीक्षा अर्ज भरतानाच द्यावे लागते, हे ठाऊक नव्हते. तो अर्ज आज भरून घेतला.

२० ऑगस्ट

पुढच्या आठवड्यात गणपती, म्हणजे वर्ग रिकामा होणार आणि चाकरमान्यांनी घरे भरणार. सुट्टीआधी एवढेच सांगायचे होते, की अंतर्गत चाचणी सुट्टीनंतर लगेच आहे, आणि दुसऱ्या सत्रातल्या चार श्रेयांकांच्या प्रत्यक्ष कार्यानुभवासाठी १२० तासांची जागा आतापासून शोधायला हवी. ही जागा मुंबईतच मिळते असा वर्गात समज आहे. वास्तविक जिल्हा मध्यवर्ती बँकेची शाखा, पंचायत समिती, मच्छीमार सहकारी संस्था, आंब्याचा कॅनिंग कारखाना, अशा ठिकाणी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला शिकण्यासारखे कितीतरी असते, आणि गणपतीत घरी आलेल्या काका-मामांपैकी कोणी ना कोणी तिथे ओळखीचा निघतो. आरतीनंतर तेवढे विचारून या, असे सांगून सर्वांना सोडले. महाविद्यालयाच्या शिफारसपत्राचा नमुना त्यांच्या हाती दिला आहे. संस्थेचे नाव भरण्याची जागा तेवढी त्यात मोकळी ठेवली आहे, आणि भरलेली पत्रे सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी माझ्याकडे जमा करायची आहेत.