डेबियनच्या फ्रीझमध्ये एक पॅच आत नेण्याचा माझा अनुभव

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम, तिच्यात मी एक छोटं बॅकअपचं टूल सांभाळतो, पॅकेज मेंटेनर म्हणून, म्हणजे मूळ लेखकाचं सॉफ्टवेअर डेबियनसाठी तयार ठेवणारा. पगार वगैरे काही नाही, ऑफिस सुटल्यावर रात्री बसायचं, घरचे म्हणतात लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय. ट्रिक्सी म्हणजे डेबियन 13 च्या वेळी 15 मे 2025 ला हार्ड फ्रीझ लागला (रिलीजआधी नवे बदल जवळजवळ बंद होतात तो टप्पा) आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एक बग आला, सिव्हिरिटी थेट ग्रेव्ह, म्हणजे रिलीज अडवण्याइतका गंभीर. कुणीतरी जुन्या 32-बिट आर्म प्रोसेसरच्या बोर्डवर टूल चालवत होता आणि त्याचे चांगले बॅकअप आपोआप डिलीट होत होते.

बग सापडल्यावर मी अक्षरशः दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो. 2038 सालचा घोळ (सेकंदांत मोजलेली वेळ 32 बिटांत मावेनाशी होते) टाळायला डेबियनने आर्मएचएफवर, म्हणजे याच 32-बिट आर्मवर, वेळेचा आकडा 32 चा 64 बिट केला, पण आमच्या कोडमध्ये तो छापताना अजून लाँग (आकड्याचा एक प्रकार) म्हणूनच छापला जात होता आणि तिथे लाँग 32 बिटच असतो. त्यामुळे अर्धा आकडा तारखेत जायचा आणि उरलेला अर्धा, जो शून्य असतो, तो पुढच्या रकान्यात, म्हणजे फाइलच्या साइझमध्ये. साइझ शून्य दिसली की टूलला वाटायचं बॅकअप रिकामा आहे, उडवा. कंपायलरने वॉर्निंग दिली होती बरं का, बिल्ड लॉगमध्ये शेकडो ओळींखाली.

आता खरा पेच. मूळ लेखकाच्या नव्या व्हर्जनमध्ये हे दुरुस्त होतं, पण सोबत अर्धा कोड नव्याने लिहिलेला, शिवाय युजर्स कधीपासून मागत असलेलं नवं कॉम्प्रेशनपण त्यातच. तो म्हणत होता नवीनच घाल की, जुनं का ओढतोस. आणि खरं सांगतो, मलाही मोह होता, कारण आत्ता नाही गेलं तर स्टेबल म्हणजे रिलीज झालेली पक्की आवृत्ती वापरणाऱ्यांना पुढच्या रिलीजपर्यंत, म्हणजे साधारण दोन वर्षं थांबावं लागणार. पण माझे स्पॉन्सर, म्हणजे माझं काम तपासून अपलोड करणारे डेबियन डेव्हलपर, ठाम होते, फ्रीझमध्ये फक्त नेमका फिक्स. आणि घाईचं कारणही होतं, असा बग उघडा राहिला की पॅकेज टेस्टिंगमधून, म्हणजे पुढचं रिलीज जिथे तयार होतं तिथून, आपोआप काढलं जातं, तशी ईमेल येतेच, आणि फ्रीझमध्ये एकदा बाहेर गेलं की परत आत येत नाही.

मला डेबियनची हीच गोष्ट मनापासून पटते. रिलीजची तारीख आधी ठरत नाही, फ्रीझच्या तारखा ठरतात. फुकट काम करणाऱ्या माणसाला तुम्ही "शुक्रवारपर्यंत दे" म्हणू शकत नाही, त्याला ताप आला असेल, मुलांची परीक्षा असेल, म्हणून दबाव माणसावर न टाकता बदलांवर टाकायचा, दरवाजा हळूहळू अरुंद करत न्यायचा आणि जे तयार नाही ते सरळ बाहेर ठेवायचं. आधी असं नव्हतं, वुडी हे जुनं रिलीज जुलै 2002 ला आलं आणि त्यानंतरचं सार्ज थेट जून 2005 ला, जवळजवळ तीन वर्षं लोक ताटकळले.

तर मग जुन्याच व्हर्जनवर पॅच केला. दोन ओळी बदलल्या, आकडा आधी 64 बिटांच्या लाँग लाँगमध्ये घ्यायचा आणि तसाच छापायचा, आणि एक टेस्ट जोडली जी लिहिलेली साइझ परत वाचून बघते. पोर्टरबॉक्सवर, म्हणजे डेबियनच्या चाचणीसाठीच्या मशीनवर, आर्मएचएफला चालवलं, स्पॉन्सरनी अपलोड केलं, मी डेबडिफ (जुन्या-नव्या पॅकेजमधला फरक) जोडून अनब्लॉक रिक्वेस्ट टाकली, म्हणजे फ्रीझमध्येही हे आत घ्या अशी विनंती. रिलीज टीमकडून एकच प्रश्न आला, आय386 वर (32-बिट पीसी) वेळ अजून 32 बिटच आहे, तिथे बघितलं का? एवढ्या हजारो पॅकेजेसच्या ढिगाऱ्यात कुणीतरी माझ्या दोन ओळी इतक्या बारकाईने वाचल्या याचं फार बरं वाटलं. आय386 वर टेस्ट चालवून लॉग पाठवला, अनब्लॉक मिळालं.

नवीन व्हर्जन तोवर एक्सपेरिमेंटलमध्ये, म्हणजे डेबियनच्या प्रयोगाच्या कप्प्यात, ठेवलं. 9 ऑगस्टला ट्रिक्सी रिलीज झालं, मग ते अनस्टेबलमध्ये, म्हणजे नवे बदल पहिल्यांदा येतात तिथे, टाकलं आणि बघा, एस390एक्सवर (आयबीएमचे मेनफ्रेम, बिग-एंडियन म्हणजे आकड्याचे बाइट उलट्या क्रमाने ठेवणारे) नवं कॉम्प्रेशन लगेच फेल. त्यावर आता निवांत काम चालू आहे, कुणाकडे तसं मशीन वापरात असेल तर टेस्ट करून कळवा.