मुठीवरची ट्यूब

आज मावशींकडे गेलो तर मी मूठ करून दिलेली सुरी ओट्यावरच पडलेली. मुठीवर सायकलची ट्यूब कापून गुंडाळलेली, वरून सुतळीची गाठ. "ओल्या हातात सरकते रे," म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवलं. तेव्हापासून तेच डोक्यात.

शिसवाची मूठ होती ती. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने आकार काढायचा, मग 120, 220, 400; नंबर वाढेल तसा कागद बारीक. आधीच्या नंबरचे ओरखडे पुरते जाईपर्यंत पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. मध्येच ओलं फडकं फिरवायचं, म्हणजे दबलेले तंतू उभे राहतात. वाळले की परत घासायचं. नाहीतर पहिल्याच धुण्यात मूठ खरखरीत. मुठीतल्या पितळी खिळ्यांपाशी घासायचं मशीन लावलं की पितळ तापून भोवतीचं लाकूड काळवंडतं, म्हणून तिथे हातानेच. शिसवाच्या भुशाने मला शिंका आणि मनगटावर पुरळ, ते वेगळंच. मग जवसाच्या तेलाचे पातळ हात. तेलाची फडकीसुद्धा दोरीवर पसरून वाळवायची, बोळा करून टाकली तर आपोआप पेटू शकतात. एवढं सगळं कशासाठी, तर ट्यूबखाली जायला.

दादा असता तर हसला असता. असो.

लागलं नेमकं काय? मावशींनी नावं ठेवली असती तरी चाललं असतं. भांडता आलं असतं. त्यांना मूठ दिसलीच नाही, हे लागलं. पुण्याला ज्यांच्याकडे माझी दुसरी सुरी गेली, त्यांनी मात्र ती शोकेसमध्ये ठेवली आहे. "वापरायला जीव होत नाही," असं म्हणत त्यांनी फोटो पाठवला होता, आणि मी तो चार जणांना दाखवत फिरलो. कांदासुद्धा न चिरलेल्या सुरीचा फोटो! म्हणजे मला हवंय तरी काय?

चहा पिता पिता मावशींची सुरी हातात धरून बघितली. अंगठा बरोबर खळग्यात बसला. खळगा ट्यूबवरूनही लागतो. म्हणजे 80 नंबरचं काम बाईंनी ठेवलंय, 400 चं तेवढं झाकलंय. हिशेब तसा वाईट नाही.

पुढची मूठ 220 वर थांबवावी, पकडही चांगली येते. थांबणार नाही म्हणा, मला ठाऊक आहे.

निघताना मावशी म्हणाल्या, जाऊबाईंना एक हवी आहे. ट्यूब त्यांच्याकडे आहे म्हणे.