मड फीव्हर: आधी पाय कोरडे, मलम नंतर

घोड्याच्या खुराच्या अगदी वर, पायाच्या मागच्या बाजूला जो खोलगट भाग असतो, तिथे रोज बोटं फिरवायची सवय ठेवा. केसांखाली बारीक खडे लागले आणि घोड्याने पाय झटकला, तर तो वाळलेला चिखल नसून खपली असण्याची शक्यता जास्त. मड फीव्हर म्हणजे चिखल-ओलीमुळे घोड्याच्या पायाच्या कातडीला होणारा संसर्ग. दाट केसांच्या पायांवर तो डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळतो.

माणसाच्या पायाला चिखल्या होतात, तसंच हे. सतत ओलीत राहून कातडी मऊ पडते, चिखलातल्या वाळूने ती घासली जाते आणि त्या बारीक चिरांतून जंतू आत शिरतात. बहुतेकदा सापडतो तो डर्माटोफिलस कॉंगोलेन्सिस नावाचा जीवाणू. तो कातडीवर गुपचूप पडून राहू शकतो आणि ओल मिळाली की हालचाल करणारे बीजाणू सोडतो. खपलीखाली हवा पोचत नाही, ओलावा टिकतो, म्हणून तिथे त्याचं चांगलं फावतं. पांढऱ्या पायांचे आणि पायावर लांब केस असलेले घोडे जास्त जपावे लागतात.

सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूनेच होतं: घोडा कुरणातून आला की पाइप लावून पाय धुवायचे आणि तसाच ओला तबेल्यात बांधायचा. रोजच्या धुण्याने कातडीचं स्वतःचं तेलही जातं. त्यापेक्षा चिखल वाळू द्या आणि मऊ ब्रशने झाडा. या भागावर खरखरीत खरारा नको. धुणं भागच असेल तर पाण्याचा जोर कमी ठेवा आणि टॉवेलने दाबून टिपा, घासू नका. खोलगट भागातली ओल शेवटपर्यंत राहते, तिथे दुसरा कोरडा टॉवेल लागतोच. तबेल्यातलं अंथरूणही कोरडं हवं, नाहीतर रात्रभर पाय पुन्हा भिजतात.

क्रीम लावायचं ते स्वच्छ, पूर्ण कोरड्या, निरोगी कातडीवर, कुरणात सोडण्याआधी. झिंक किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर पाणी अडवतो. पण हाच थर ओल्या किंवा खपल्या धरलेल्या पायावर दिला तर ओल आणि जंतू दोन्ही आत कोंडतात. पायाला घालायच्या बुटांचंही तेच: आत वाळू गेली तर ते संरक्षण करण्याऐवजी कातडी सोलतात, म्हणून रोज काढून बघायचे.

खपल्या धरल्याच तर आधी त्या भागाचे केस हलक्या हाताने कापा, म्हणजे हवा लागेल. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं 4 टक्क्यांचं द्रावण असेल तर तेवढंच कोमट पाणी मिसळून 2 टक्के करा. ते लावून 10 मिनिटं राहू द्या. घाई केली तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. मग नीट धुऊन पाय पूर्ण कोरडा करा. मऊ होऊन सुटलेल्या खपल्या तेवढ्या काढा. घट्ट धरलेली खपली ओरबाडली की रक्त येतं, जखम मोठी होते, आणि घोडा पुढच्या वेळी पायाला हात लावू देत नाही. त्या दुखण्यावरची लाथ जोरात बसते, म्हणून बाजूला उभे राहा. हातमोजे घाला, कारण हा जंतू माणसालाही लागू शकतो. काढलेल्या खपल्या तबेल्यात टाकू नका आणि टॉवेल-ब्रश दुसऱ्या घोड्याला वापरू नका.

पाय वरपर्यंत सुजला, गरम लागला, घोडा लंगडू लागला किंवा ताप 38.5 अंश सेल्सिअसच्या वर गेला तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. संसर्ग कातडीखाली पसरल्याची ही लक्षणं आहेत. लांब केसांचा घोडा सतत पाय आपटत, चावत असेल तर कातडीतले माइट्स (डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक किडे) तपासून घ्या. ते असेपर्यंत मड फीव्हर परत परत उलटतो. फक्त पांढऱ्या भागांवरच, तेही कोरड्या उन्हाळ्यात त्रास दिसला तर उन्हाची बाधा असू शकते, आणि कधी तिचं मूळ यकृतात निघतं.

कुरणात चिखल सगळीकडे सारखा नसतो. फाटक, पाण्याचं टाकं आणि चारा टाकायची जागा इथेच घोडे तासन्तास उभे राहतात. आधी तेवढ्याच जागा दुरुस्त करा: वरचा चिखल खरवडून काढा, जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं, पण खडी चिखलात मिसळू न देणारं) कापड अंथरा, त्यावर खडी आणि सर्वांत वर बारीक कच दाबून बसवा. खाली कापड नसेल तर खडी हळूहळू चिखलात गडप होते. चाऱ्याची जागा अधूनमधून बदला आणि सगळ्यात दलदलीचा कोपरा कुंपण घालून बंद करा.