आर्कान्सातल्या हिऱ्यांच्या रानात माती धुताना

आर्कान्सा राज्याच्या नैर्ऋत्येला मर्फ्रीसबरो गावाजवळ सदतीस एकरांचं एक नांगरलेलं रान आहे. तिकीट काढायचं, फावडं घेऊन आत शिरायचं आणि हिरा सापडला तर तो तुमचा. हे क्रेटर ऑफ डायमंड्स स्टेट पार्क. डॅलसच्या मराठी मंडळींना तर गाडीने जाऊन येण्यासारखं आहे. आपल्याकडे मध्य प्रदेशात पन्नालाही पट्टा घेऊन हिरे शोधता येतात, पण तिथे सापडलेला खडा सरकारी हिरा कार्यालयात जमा करावा लागतो आणि लिलावानंतर रॉयल्टी कापून पैसे हातात येतात.

इथे पहिले हिरे १९०६ मध्ये जॉन हडलस्टन या शेतकऱ्याला मिळाले. १९२४ मध्ये ४०.२३ कॅरटचा ‘अंकल सॅम’ निघाला, अमेरिकेत सापडलेला आजवरचा सर्वांत मोठा. पण डोक्यात तो आकार घेऊन जाऊ नका. इथला नेहमीचा हिरा काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढा, वीस-पंचवीस सेंटचा (शंभर सेंट म्हणजे एक कॅरट), म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरचा असतो. बहुतेक जण दिवसभर खणतात आणि शेवटच्या तासात घाईघाईने माती धुतात. माझ्या मते वेळ याच्या उलट वाटावा. एक-दोन बादल्या माती पुरे, पण ती नीट धुवा.

माती उंचवट्यावरची घेण्यापेक्षा पाणी वाहून जातं त्या घळींच्या तळची घ्या. पावसाने वजनदार खडे आधीच तिथे आणून टाकलेले असतात. मोटार किंवा बॅटरीवर चालणारी अवजारं चालत नाहीत. लागतं ते एवढंच: आखूड फावडं, पाच गॅलनच्या दोन बादल्या, पाव इंची जाळीची एक चाळण आणि एक-षोडशांश इंची, म्हणजे दीड मिलिमीटरच्या थोड्या वरची दुसरी. चाळण्या तिथे भाड्यानेही मिळतात.

माती चिकट आहे. ढेकूळ फुटलं नाही तर आतला हिरा ढेकळासकट फेकला जातो, म्हणून आधी बादलीत पाणी घालून माती भिजू द्या आणि हाताने कुस्करा. मग जाड चाळण बारीक चाळणीवर ठेवून हौदात धुवा. वर राहिलेले खडे एकदा नजरेखालून घालून टाकून द्या. हे वर्गीकरण टाळलं तर पुढचं सगळं फुकट, कारण मोठा हलका दगड आणि छोटा जड खडा पाण्यात जवळपास एकाच वेगाने खाली जातात.

आता खरं काम. हिऱ्याचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड ते, ३.५२, गारगोटीचं २.६५. सोन्याचं १९.३, त्यामुळे सोनं धुताना हात थोडा वेडावाकडा पडला तरी ते तळाशी टिकतं. हिऱ्याच्या बाबतीत तेवढी मोकळीक नाही. कोरड्यात तो तेवढ्याच गारगोटीच्या १.३३ पट जड, पाण्यात मात्र १.५ पट. म्हणून चाळण पूर्ण वेळ पाण्याखाली हवी, खड्यांवर दोन-तीन बोटं पाणी. थर एका इंचापेक्षा जाड नको, नाहीतर खालचे खडे हलतच नाहीत.

हालचाल तांदूळ रोळण्यासारखी, पण वर-खाली जास्त. चाळण सपाट धरून पाण्यात हलके दचके द्या. दोन-चार दचक्यांनंतर तिला पाव फेरा द्या, पुन्हा दचके, असं मिनिटभर तरी. दर दचक्याला खडे क्षणभर तरंगतात आणि जड असतात ते मध्याकडे, तळाशी सरकतात. नुसतं गोल फिरवलं तर सगळं कडेला जातं. चाळण तिरकी झाली तर मध्यच सरकतो.

पाणी पूर्ण निथळू द्या आणि एका झटक्यात चाळण सपाट पाटावर उलटी करा. पाणी राहिलं तर ढीग पसरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. नीट जमलं तर वर आलेल्या मध्यावर काळपट डाग दिसतो: हेमॅटाइट, मॅग्नेटाइट, बॅराइट असे हिऱ्याहूनही जड खनिजांचे खडे. डाग दिसला नाही तर तेच खडे परत चाळणीत घालून पुन्हा धुवा. हिरा असलाच तर या डागात किंवा त्याच्या लगत.

ओळखायचं कसं? काचेसारखा धारदार, पारदर्शक कोनांचा खडा बहुधा क्वार्ट्झ (गारगोटी) किंवा कॅल्साइट असतो. इथला हिरा गोलसर, गुळगुळीत, कडा झिजल्यासारख्या, आणि अंगावर तेल चोळल्यासारखी चकाकी. पांढरा, तपकिरी किंवा पिवळा. माती त्याला चिकटत नाही, म्हणून जोराच्या पावसानंतर ऊन पडलं की काही जण खणतच नाहीत, नुसतं चालत जमीन न्याहाळतात. हातोडी मारून पाहू नका: हिरा कठीण असला तरी ठरावीक दिशेने चटकन फुटतो. शंका आली की पार्कच्या केंद्रात दाखवा, तपासणी फुकट आहे.

नॉर्थ कॅरोलायनात फ्रँकलिनच्या आसपास माणिक-नीलम शोधायला जाणार असाल, तर माती तिथलीच आहे की बाहेरचे खडे मिसळलेली, हे पैसे भरण्याआधी विचारा. मुलांना मिसळलेली बादली आवडते, त्यात वाईट काही नाही, फक्त तो शोध नव्हे.

मर्फ्रीसबरोतून माणशी दिवसाला पाच गॅलनची एक बादली धुतलेली रेती घरी नेता येते. ती आधी पूर्ण वाळवा, मग पांढऱ्या ताटलीत मूठ-मूठ पसरून चिमट्याने निवडा. ओल्या रेतीत प्रत्येक खडा चमकतो.