चिकटलेली माडी

पुण्यातील एका जुन्या वाड्याच्या माडीवर सागवानी फळ्यांची सुमारे सव्वादोनशे चौरस फूट जमीन होती. वर्षानुवर्षांच्या वर्दळीने तिचा रंग काळपट झाला होता आणि दाराजवळच्या फळ्या खोलगट झाल्या होत्या. तिथे आठवड्यातून चार दिवस गाण्याची शिकवणी चालत असल्यामुळे घरातल्या काकांना सतरंजीखालची जमीन पुसता येईल आणि पाणी सांडले तरी डाग धरणार नाही, असे पॉलिश हवे होते. मी तेलावर आधारलेले एकाच डब्यातले पॉलियुरेथेन सुचवले, कारण त्याने सागाला मधासारखी छटा येते आणि ते लावायलाही सोपे असते.

साठ, ऐंशी आणि एकशेवीस नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचे मशिन फिरवल्यावर सागाचा तो कातडी वस्तूंसारखा वास माडीभर दरवळला. त्या वासाकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवे होते. ऑक्टोबर संपत आला होता, हवा कोरडी होती आणि मीटरवर लाकडातील ओलावा दहा टक्के दिसत होता, म्हणून निर्धास्तपणे संध्याकाळी पहिला कोट मारला आणि खिडक्या किलकिल्या ठेवून आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी जिन्यातच गाठून सांगितले, ''अहो, आमची मांजर तुमच्या पॉलिशवरून फिरून आली आहे, जरा बघा.'' खरोखरच खिडकीपासून दारापर्यंत पंजांचे ठसे उमटले होते. मांजरीला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण एव्हाना तो कोट खडखडीत वाळायला हवा होता. मी गुडघ्यावर बसून एकेका फळीला बोट लावत गेलो, तेव्हा लक्षात आले की फळ्यांच्या कडेचे फिकट, सालीलगतचे लाकूड कोरडे होते आणि गाभ्याचा तपकिरी भाग मात्र गुळाच्या पाकासारखा बोटाला चिकटत होता. एकाच फळीवर दोन इंचांच्या अंतरात हा फरक दिसल्यावर हवेला किंवा डब्याला बोल लावण्याची सोय उरली नाही.

या प्रकारचे पॉलियुरेथेन हवेतील ऑक्सिजन घेऊन कडक होते. सागाच्या गाभ्यात जी तेलकट द्रव्ये असतात, आणि ज्यांच्यामुळे सागाला वाळवी सहसा लागत नाही, त्यांतील काही ही प्रक्रिया अडवतात. शंभर वर्षांच्या वापराने वरचा थर सुकलेला होता. मशिनने तो काढून आम्हीच आतला ताजा गाभा उघडा पाडला होता आणि कोट मारण्यापूर्वी ॲसिटोनने पुसूनही घेतला नव्हता. आमचा मिस्त्री हे आदल्या दिवशी एकदा पुटपुटला होता. मी ऐकून न ऐकल्यासारखे केले होते.

खरवडणी आणि थिनरने पुसणे यांत दोन दिवस गेले. त्याचा खर्च अर्थातच मी सोसला. नंतर कपाटाखालच्या गाभ्याच्या फळीवर एक-एक फुटाचे तीन तुकडे आखून नमुने लावले: ॲसिटोनने पुसून तेच जुने पॉलियुरेथेन, हार्डनर (पॉलिश कडक करणारा पदार्थ) घातलेले पाण्यावर आधारलेले पॉलियुरेथेन नुसतेच, आणि तेच पण खाली चपड्याच्या (लाखेच्या) एका कोटासह. हार्डनरवाले रसायन ऑक्सिजनची वाट पाहत बसत नाही, त्यामुळे सागाचा त्याला फारसा त्रास होत नाही. मात्र त्याने लाकूड निस्तेज दिसते, ही काकांची तक्रार रास्त होती. चपड्याने ती छटा परत आली आणि गाभ्यातील तेलही खाली अडले. चपड्यात नैसर्गिक मेण असते आणि त्यावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही, म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा बरणीत निवळू देऊन तळाचा गढूळ साका सोडून वरचे स्वच्छ द्रावणच वापरले.

काकांनी तिसरा तुकडा निवडला. वरचे कोट मॅटच ठेवावेत, एवढा माझा आग्रह त्यांनी मानला, कारण चकचकीत जमिनीवर तानपुरा सरकवल्याची प्रत्येक रेघ दिसते. सतरंजी आठ दिवस अंथरायची नाही, असे बजावून आलो होतो. नवव्या दिवशी मी गेलो तेव्हा काका उंबऱ्याजवळ तांब्याभर पाणी ओतून, शेजारी पाट मांडून, घड्याळ लावून बसले होते. मांजर मात्र माडीच्या दाराबाहेर बांधलेली होती.