आमची वाटचाल : सूत्रे उघडी ठेवून घडवलेले सॉफ्टवेअर

डोंबिवलीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेचे खजिनदारपद वडिलांकडे होते आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते एक्सेलमध्ये मेंटेनन्सची बिले तयार करीत बसत. त्यांच्यासाठी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम शेजारच्या दोन संस्थांनी मागितला, तेव्हा २०१९ मध्ये नोकरी सोडून मी एकट्याने हा व्यवसाय सुरू केला. भागीदार नसल्यामुळे माझे काम तपासणारेही कोणी नव्हते. म्हणून आकारणीचे प्रत्येक सूत्र, त्यातील बदल आणि सापडलेली चूक दर महिन्याला सर्वांसमोर मांडायची, असे सुरुवातीलाच ठरवले.

या निर्णयाचे मोल थकबाकीवरील व्याजाच्या प्रकरणात कळले. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार, हे व्याज वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, तेही सरळव्याजाने आकारता येत होते. मी मात्र मागील बिलाची मुद्दल आणि व्याज मिळून होणारी बाकीच पुढच्या आकारणीसाठी धरली होती. त्यामुळे ३,००० रुपयांच्या थकबाकीवर महिन्याला ५२ रुपये ५० पैसे व्हायला हवेत, तेथे दुसऱ्या महिन्यात ५३ रुपये ४२ पैसे येत होते. ठाण्यातील एका संस्थेच्या खजिनदारांनी, जे बँकेतून निवृत्त झाले होते, माझे सूत्र वाचून हा ९२ पैशांचा फरक दाखवून दिला. रक्कम किरकोळ असली, तरी नियमात न बसणारे व्याज सभासदांकडून घेतले जात होते, आणि ते माझ्यामुळे. त्याच संध्याकाळी मी चूक जाहीर केली, प्रत्येक संस्थेच्या सचिवांना कळवले आणि जादा व्याज पुढील बिलातून वजा होईल अशी व्यवस्था केली. एका संस्थेने सॉफ्टवेअर वापरणे थांबवले, याचे आजही वाईट वाटते.

सभासदांची नावे आणि थकबाकी मात्र मी कधीच उघड केली नाही. उदाहरणांतील आकडे कल्पित असतात. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागत असल्याने जुलैनंतर सूत्रांत बदल करू नये, ही सूचनाही खजिनदारांचीच, आणि ती मी काटेकोरपणे पाळतो.

सध्या बिनभोगवटा शुल्काचे, म्हणजे सभासदाने स्वतः न राहता सदनिका भाड्याने दिल्यास संस्था घेते त्या शुल्काचे, काम चालू आहे. त्याची मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के असून त्यातून महापालिकेचे कर वगळावे लागतात. बिलातील उरलेल्या बाबींपैकी कोणत्या धरायच्या, याचा माझा मसुदा गेल्या आठवड्यात खजिनदारांसमोर ठेवला आहे.