पोलिसांपुढे मी शांत कशी राहते, असं विचारता

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एरवी हा विषय निघाला की मी चहा टाकायला उठते. प्रश्न ठरलेला असतो: "परदेशात पोलिसांनी अडवलं तरी तू एवढी शांत कशी गं राहतेस?" विचारणारे दोन तऱ्हेचे. माल बघायला नाहीतर प्रदर्शनाला पहिल्यांदाच निघालेल्यांना युक्ती हवी असते. ज्यांनी अण्णांच्या तोंडून म्युनिकच्या गाडीतला प्रसंग ऐकलाय, त्यांच्या विचारण्यात मात्र टोचणी असते. बापाची तशी गत होत असताना पोरगी ढिम्म बसून होती, हे त्यांना म्हणायचं असतं आणि ते म्हणत नाहीत.

युक्तीवाल्यांचं आधी उरकते. पासपोर्ट अंगावर ठेवा, हॉटेलच्या तिजोरीत नको. शांघायला जाणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण चीनमध्ये सोळा वर्षांवरच्या परदेशी माणसाला तो जवळ बाळगणं कायद्यानंच बंधनकारक आहे. जपानमध्येही पर्यटकानं तो जवळ ठेवायचा असतो, मोबाइलमधल्या फोटोवर भागत नाही. युरोपात पूर्वी पोलीस आधी पासपोर्टवरचा शिक्का शोधायचा, कारण १८० दिवसांत ९० दिवस राहण्याचा हिशेब तिथून सुरू व्हायचा. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे. तरी परतीचं तिकीट, विमा आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून न्या. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

रस्त्यात साध्या कपड्यातल्या कुणी कार्ड झळकवून, खोट्या नोटा तपासायच्या आहेत म्हणून पाकीट मागितलं, तर पाकीट काढायचं नाही. बार्सिलोना, प्राग, रोम, सगळीकडे हा जुना धंदा आहे. "चौकीत चला, तिथे दाखवते" म्हणायचं आणि ११२ लावायचा. मिलानच्या मोठ्या स्टेशनाबाहेर मी नुसता फोन कानाला लावला, तर एक 'साहेब' बघता बघता गर्दीत नाहीसा झाला. खरोखरच ताब्यात घेतलं, तर आपल्या दूतावासाला कळवा असं सांगायचा हक्क तुम्हाला आहे, १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानं. वाचता येत नाही त्या कागदावर सही करायची नाही. झालं. एवढ्यानं निम्म्याहून जास्त वेळा भागतं.

आता टोचणीवाल्यांचं.

२०२३ च्या जूनमध्ये मिलानला 'इटमा' होतं, म्हणजे कापडधंद्यातल्या यंत्रांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन. इचलकरंजीत ते काय असतं हे सांगायची गरज नाही. अण्णांना आयुष्यात एकदा ते बघायचंच होतं. बघून झाल्यावर म्युनिकला मामेबहिणीकडे जायचं ठरलं. व्हेरोनाहून ब्रेनर खिंडीतून, इन्सब्रुकवरून थेट गाडी आहे. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांत, कागदोपत्री आपसातल्या सीमेवर तपासणी नसते, पण ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरणाऱ्यांची २०१५ च्या सप्टेंबरात पुन्हा सुरू झालेली तपासणी तेव्हाही चालूच होती. अण्णांना मी सांगून ठेवलं होतं, पोलीस येतील, पासपोर्ट बघतील, जातील. "येऊ देत की," म्हणाले.

ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं कुफश्टाइन मागे पडलं. सहा जणांचा कुपे. खिडकीशी अण्णा, त्यांच्यासमोर मी. दाराच्या बाजूला डोंगरात फिरायच्या काठ्या घेतलेलं पांढऱ्या केसांचं जोडपं आणि हेडफोन लावलेला एक पोरगा. दार सरकलं. गणवेशातले दोघं, एक बाई आणि एक पुरुष. बाईची नजर कुप्यात एकदा फिरली. दारातून आत येणाऱ्याला आधी ते तिघं लागतात. ती त्यांना ओलांडून खिडकीकडे वळली आणि अण्णांना म्हणाली, "पासपोर्ट प्लीज." हे माझ्या ध्यानात आलं. चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

अण्णा उठून उभे राहिले. गाडी हलत होती, तरी दोन्ही हात जोडले आणि त्या बाईला "साहेब" म्हणाले. नाक्यावर कापडाचा ट्रक अडला की ते असेच उभे राहायचे. लहानपणी ट्रकच्या केबिनमधून मी ते पाहिलेलं आहे. "सिट, प्लीज," ती म्हणाली. अण्णांना ते कळलं नाही, किंवा कळूनही साहेब उभा असताना बसायचं कसं, असं वाटलं असेल. पासपोर्ट होता बनियनच्या आत, गळ्यात अडकवलेल्या पाऊचमध्ये. अण्णांचा हात शर्टाच्या आत गेला आणि त्या बाईचा हात कमरेच्या पट्ट्याकडे गेला.

"अण्णा, हात बाहेर काढा. सावकाश. बसा."

आवाज चढवला नाही. उलट इतका सपाट आवाज मी घरात कधी लावलेला नाही. अण्णा जिथल्या तिथे थिजले, मग हात बाहेर आला, मग बसले. मी माझे हात मांडीवर उघडे ठेवून इंग्रजीत सांगितलं, हे माझे वडील, यांना इंग्रजी येत नाही, पासपोर्ट शर्टाच्या आत पाऊचमध्ये आहे, काढू दे का? ती "येस" म्हणाली. अण्णांनी एकेक करून बटणं सोडली. बोटं नीट चालत नव्हती. मी मदतीला उठले नाही, कारण तेव्हा आणखी कुणी उठणं बरं दिसलं नसतं. परक्या पाच माणसांसमोर सत्तरी ओलांडलेला माझा बाप बनियनवर बसला होता. जोडपं खिडकीबाहेर बघत होतं, म्हणजे अण्णांच्या डोक्यावरून पलीकडे. पोरानं हेडफोन काढले नाहीत.

पासपोर्ट बघितले, शिक्के बघितले, चेहरे ताडून पाहिले. म्युनिकमध्ये कुठे, किती दिवस, परत कधी. उत्तरं मी दिली, विचारलं तेवढीच. "थँक यू, हॅव अ नाइस ट्रिप." दार लागलं. बाकी तिघांना काही विचारलं नाही. दोघंही पोलीस शेवटपर्यंत सभ्य होते हेही सांगते. त्यामुळे राग ठेवायला नेमकी जागा सापडत नाही.

म्युनिक येईपर्यंत अण्णा बोलले नाहीत. बटणंसुद्धा मी सांगितल्यावर लावली. फलाटावर बॅग उचलताना म्हणाले, "तू त्यांच्या बाजूनं बोललीस."

"तुमच्यासाठीच बोलले, अण्णा."

"असेल."

तर मी शांत का होते? स्वभाव म्हणाल तर गॅसचा सिलिंडर उशिरा आला की मी काय करते ते आमच्या शेजाऱ्यांना विचारा. पोलीस समोर असताना माझी छाती धडधडत असते. हात मांडीवर ठेवते ते थरथर दिसू नये म्हणून. शांत राहते कारण हिशेब सरळ आहे: व्हिसा माझा, देश त्यांचा, आणि त्या क्षणी खरं-खोटं ठरवणारा माणूस तोच, ज्याच्याशी मी भांडणार. "मलाच का?" हे विचारायची मुभा मला नाही असं नव्हे. विचारता येतं. पण उत्तर ऐकायला कदाचित गाडीतून उतरून चौकीत बसावं लागेल, आणि शेजारी अण्णा असतील, रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेत तळाशी.

यावर कुणी म्हणेल, मग ही शांतता कसली, ही तर भीतीच. असेल. अण्णांचे जोडलेले हात आणि माझे मांडीवरचे हात यांत फरक काय, हे मलाही कधी कधी रात्री कळत नाही. दिवसा कळतो. मी कुणाला साहेब म्हणाले नव्हते.

पूर्वी मी निघणाऱ्या प्रत्येकाला एक लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवायचे. त्यात दोन गोष्टी अगदी ठासून सांगितलेल्या असायच्या: पोलीस दिसले की हसा, आणि त्यांच्यासमोर आपसात मराठी बोलू नका, त्यांना संशय येतो. त्या बाईशी, म्हणजे त्या मेसेजमधल्या माझ्याशी, माझं आता पटत नाही. हसायचं कशासाठी? नमस्कार करा, डोळ्याला डोळा द्या, पुरे. आणि मराठीचं म्हणाल तर त्या दिवशी मी अण्णांशी इंग्रजीत बोलले असते तर काय झालं असतं? तरी ती मेसेजमधली बाई माझ्या डोक्यात हटून बसलेली आहे. म्हणते, हसली असतीस तर कदाचित आधी तुझ्याकडे वळले असते, अण्णांकडे नाही.

नंतर एक खटला वाचनात आला, आणि मी आणखी गोंधळले. २०१२ मध्ये चेक प्रजासत्ताकातून जर्मनीत येणाऱ्या गाडीत भारतीय वंशाचे एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी होती. जर्मन नागरिक. पोलिसांनी ओळखपत्र मागितलं. त्यांनी तिथेच कारण विचारलं, आणि मग कोर्टकचेऱ्या करत ते थेट स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. 'बसू विरुद्ध जर्मनी', निकाल १८ ऑक्टोबर २०२२. न्यायालय म्हणालं, रंगावरून अडवल्याच्या तक्रारीची नीट चौकशीच झाली नाही, ही जर्मनीची चूक. रंगावरूनच अडवलं होतं का, हे मात्र चौकशीअभावी ठरवता आलं नाही. गाडीतल्या त्या एका प्रश्नासाठी दहा वर्षं गेली, आणि मूळ प्रश्न तिथेच. त्याच दिवशी त्याच न्यायालयानं बार्सिलोनात अडवलेल्या एका पाकिस्तानी माणसाची तशीच तक्रार फेटाळली.

बसूंचं कौतुक वाटतं. त्यांच्यासारखं मी वागायला हवं होतं का? ते त्या देशाचे नागरिक होते, मी चार दिवसांची पाहुणी, असं मी लगेच स्वतःला सांगते. मग आठवतं की त्यांच्याही शेजारी कुणीतरी होतं, त्यांची मुलगी. ती काय म्हणाली असेल फलाटावर, हे निकालपत्रावरून कळत नाही.

पुढचं 'इटमा' २०२७ च्या सप्टेंबरात हॅनोव्हरला आहे, म्हणजे पुन्हा जर्मनीच. अण्णा येणार म्हणतात. पासपोर्ट माझ्याकडे द्या, असं मी म्हणून पाहिलं. "माझा पासपोर्ट माझ्यापाशी," म्हणाले, आणि नियमानं ते बरोबरच आहे. मग वरच्या खिशात ठेवा म्हटलं, तर म्हणतात खिशातून चोरीला गेला तर तुझ्या त्या दूतावासात चकरा कोण मारणार. पाऊच बनियनच्या आतच राहणार आहे.